खेकडे चौथ्या नंबरावर

पुएर्तो आल्मेंद्रो, २० नोव्हेंबर १९९६

विल्फ्रेदोदादा,

आम्ही चौथ्या नंबरावर आहोत.

हे आधी सांगून टाकते, कारण बाकी गाव तू सोडून गेलास तसंच आहे. तेवीस वर्षांत माझ्याकडून तुला एक तार आली, आई गेली तेव्हाची. आणि आता एकदम पत्र, तेही बेसबॉलचं. तू म्हणशील मिनाचं डोकं फिरलंय. फिरलंयच. सगळ्या गावाचं फिरलंय. सहा संघांतले वरचे चार पुढे जातात आणि अकरा वर्षांत आपले खेकडे कधी पाचव्याच्या वर सरकले नाहीत. राजधानीवाले आपल्याला बघून हातांचे नांगे करून आडवे चालून दाखवतात. यंदा अठ्ठावीस सामने झाले, पंधरा जिंकलेत. अजून वीस बाकी आहेत. आता चालून दाखवा म्हणावं!

मी अजून शिवणकामच करते, पण आता संघाचे कपडे माझ्याकडे येतात. घसरून घसरून फाटलेल्या विजारी, उसवलेले खांदे. त्यामुळे या संघाबद्दल मला जे कळतं ते रेडिओवाल्यांच्या बापाला कळणार नाही. मेल्कियादेस नावाचा आपला मुख्य पिचर आहे, वय एकेचाळीस. दोन वर्षांत त्याच्या विजारीची कंबर मी दोनदा सैल केली. पोट असं की वाकल्यावर त्याला स्वतःचे बूट दिसत नाहीत. पण चेंडू टाकतो तो असा, की फलंदाज बॅट फिरवून झाल्यावर विचार करत बसतो, चेंडू गेला कुठे? मला विचार, या माणसाच्या जिवावर आपण पुढे जाणार.

कोपऱ्यावरचा सिक्स्तोशेठ आठवतो? तेव्हा बापाच्या दुकानात कोळसा मोजायचा. आता दुकान त्याचं. त्याच्या दारातल्या बाकावर रोज माझं आणि त्याचं भांडण. तो म्हणतो, "मिना, नाताळपर्यंत हे पाचवे असतील, लिहून ठेव."

मी म्हटलं, "शेठ, तुम्ही तांदळात खडे मिसळता तसे बोलण्यात मिसळू नका."

तुझ्या जागी, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, आता एलिसेओ खेळतो. बावीस वर्षांचा आहे. हात चांगले आहेत.

हे पत्र ओल्गाबाईबरोबर पाठवते. ती दर शनिवारी विमानाने तिकडे सामान आणि चिठ्ठ्या घेऊन जाते. तुझा पत्ता तिनेच शोधला. इमारतीचा बॉयलर, चाव्या, सगळं तूच सांभाळतोस म्हणाली. तुझ्या हाताला काम शोभतं.

मिना


पुएर्तो आल्मेंद्रो, ३ डिसेंबर

दादा,

छत्तीस झाले, एकोणीस जिंकलेत. अजून चौथेच.

ओल्गाबाई म्हणाली तू दारातच पत्र घेतलंस, "बरं" म्हणालास आणि दार लावून घेतलंस. तिला वाईट वाटलं. मला नाही वाटलं. घेतलंस ना, पुरे.

गुरुवारचा सामना मात्र तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोंते आल्तोवाले आले होते. हो, तेच. अजून तसेच आहेत, बसमधून उतरतानाच जिंकल्यासारखे उतरतात. सातव्या इनिंगपर्यंत त्यांचे चार, आपला एक. उजवीकडच्या बसायच्या फळ्यांवरून लोक उठायला लागले. मी उठले नाही. गुडघा दुखतो म्हणून नव्हे, मी कधीच उठत नाही. मग आपल्या कॅचरने बॅटने एक चेंडू असा टोलवला की तो कुंपणापलीकडच्या बदामावर गेला, फांद्यांतून टपटप करत खाली आला, आणि बेसवरचे दोघे आणि तो स्वतः, तिघं नाचत घरच्या बेसला, घरी. चार-चार. त्यापुढे काय झालं हे सांगायची गरज नाही. सिक्स्तोशेठने ढोल वाजवून वाजवून फोडला. ढोल त्याचा नव्हता.

मी दुसऱ्या दिवशी कॅचरची विजार घेऊन बसले, गुडघ्याला ठिगळ लावत, आणि मला असं वाटत होतं की मी एखाद्या राजाचा झगा शिवते आहे. हस नाहीतर काय वाटेल ते कर. आपले आजी-आजोबा बोटीतून इथे ऊस तोडायला आले, लोक त्यांना बेटांवरचे उपटसुंभ म्हणायचे, आणि आजोबांनी त्या उसाच्याच मैदानावर फावल्या वेळात हा खेळ लावला. तो संघ आज चौथा आहे. अभिमान वाटू नये तर काय वाटावं?

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही. काल मेल्कियादेस शर्टाच्या मापाला आला तर उजवा हात खांद्याच्या वर जाईना. "अवघडलाय," म्हणाला. मी टाचण्या तोंडात धरून माप पुरं केलं. संघाच्या मॅनेजरला अजून माहीत नाही. मला माहीत आहे.

तू का येत नाहीस हे मी विचारत नाही. ते मला ठाऊक आहे. तो विषय राहू दे.

तुला एक सांगू का, इथे अजून कुणाच्या हातून बशी निसटली की लोक "फ्रेदो झाला" म्हणतात. ज्यांचा तेव्हा जन्मही नव्हता ती पोरं म्हणतात. त्यांना वाटतं तो नुसता शब्द आहे. माझ्या घरात कुणी म्हटलं तर मी त्याला दार दाखवते.

मिना


पुएर्तो आल्मेंद्रो, १३ डिसेंबर

दादा,

या वेळी ओल्गाबाई उड्या मारतच आली. तू तिला आत बोलावलंस, कॉफी दिलीस आणि विचारलंस, धावफलक अजून लाकडाचाच आहे का? लाकडाचाच आहे. आठचा आकडा हरवलाय, आठ झाले की तीनला उलटा तीन चिकटवतात.

तू विचारलंस म्हणून मला आता गप्प बसवत नाही.

आधी संघाचं. बावीस जिंकले, बावीस हरले. मेल्कियादेसचा खांदा आता सगळ्यांना कळला. राजधानीवाले आमच्या बरोबरीला आले आहेत. चार सामने उरलेत. सिक्स्तोशेठ काही बोलत नाही, आणि तो बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते. पण मी अजून म्हणते, पुढे जाऊ. कशाच्या जोरावर, विचारू नकोस.

आता दुसरं.

तो जानेवारीतला रविवार. मोंते आल्तोशी अंतिम मालिकेचा सातवा सामना. नववी इनिंग, आपण एकाने पुढे, त्यांचे दोघं बाद, बेसवर दोघं उभे. चेंडू तुझ्याकडे सरपटत आला. आई अंगणात झाडता झाडता अडवेल इतका साधा. आणि तो तुझ्या पायांमधून गेला. दोघंही घरी पोचले.

पण सामना संपला नव्हता. आपली पाळी बाकी होती, एक धाव करून बरोबरी साधता आली असती. दोन बाद झाल्यावर तू बॅट घेऊन आलास. मैदान गप्प होतं, दादा. सहा हजार माणसं आणि वाऱ्याने झेंडा फडफडलेला ऐकू येत होता. लोक अजून ठरवत होते, काय करायचं.

आणि मी फळीवर उभी राहून ओरडले, "घरी जा, फ्रेदो! घरी जा आणि आईजवळ बस!"

पहिला आवाज माझा होता. माझ्यानंतर माझ्या पुढच्या ओळीतले ओरडले, मग मागचे, मग सगळे. "घरी जा! घरी जा!" टाळ्यांच्या तालावर. तू तीन चेंडूंना तीनदा बॅट फिरवलीस, एकदाही लागली नाही.

मी का ओरडले? तू पिऊन खेळलास असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली होती काही वर्षं. तू प्यायला नव्हतास. मी ओरडले कारण आजोबांचा संघ हरत होता आणि त्या क्षणी तू माझा भाऊ नव्हतास, नुसता खेकड्यांचा सहा नंबरचा खेळाडू होतास. संघावर प्रेम करणाऱ्या माणसाला हे होऊ शकतं, पण ही काही सबब नव्हे.

आईला सिक्स्तोशेठच्या बापाने सांगितलं. ती मला कधी बोलली नाही. तुझ्या घरावर दगड पडले त्या आठवड्यात ती रोज मासे आणि डम्पलिंग करून तुला पोचवायला गेली आणि मला म्हणायची, "तू नको येऊस." तू विमानतळावर गेलास त्या दिवशीही. शेवटच्या आजारात एकदाच म्हणाली, "संघ पुन्हा जिंकेल गं. माझा मुलगा?"

तू तेव्हा ऐकलंस हे मला माहीत आहे. माझा आवाज तू लहानपणापासून ओळखतोस. म्हणून तू मला कधी लिहिलं नाहीस, आणि मीही कुठल्या तोंडाने लिहिणार होते? आता लिहिलं. पुढे काय वाटायचं ते तू ठरव.

मिना


पुएर्तो आल्मेंद्रो, १८ डिसेंबर

दादा,

ओल्गाबाई म्हणाली तू तिच्यासमोरच उभ्याने पत्र वाचलंस. मग खुर्चीवर बसलास. तिने विचारलं, काही निरोप? तू म्हणालास, "नाही."

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा शेवटचा सामना झालेला असेल. निकाल ओल्गाबाई तोंडी सांगेल, तुला ऐकायचा असला तर. मी फक्त रविवारबद्दल लिहिते, कारण ते तिला सांगता येणार नाही.

शनिवारी हरलो होतो. रविवारी दुपारी आठव्या इनिंगपर्यंत बरोबरी. आणि मग एक उडता झेल, पोरंसोरं गल्लीत घेतात तसा, एलिसेओने हाताशी आलेला सोडला. उन्हाने डोळे दिपले असं तो म्हणाला. ऊन होतंच. दोघं धावून गेले, आपण दोनने मागे.

नवव्या इनिंगमध्ये तो बॅट घेऊन आला तेव्हा मी माझ्या नेहमीच्या जागी बसले होते, तिसऱ्या फळीवर, यानिकेकेच्या तळलेल्या पुरीचा तेलकट कागद मांडीवर. माझ्या मागे कुणीतरी शीळ घातली. दुसऱ्याने घातली. मग एक जाडा आवाज सुरू झाला, "घरी..."

मला पुढचा शब्द ऐकवला नसता. मी उठले. अठ्ठावन्न वर्षांची बाई, हा गुडघा, फळीवर चढले आणि सगळा जीव घशात आणून ओरडले, "इथेच थांब, एलिसेओ! कुठे जायचं नाही! हे घर तुझंच आहे!"

लोक हसले. खूप हसले. कुणी तरी म्हणालं, "म्हातारीला झेपली नाही गावाबेरीची दारू!" मी नाताळची ती दारू चाखलीही नव्हती. मी परत ओरडले. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा आवाज फाटला. आणि मग खालच्या ओळीतून सिक्स्तोशेठ उठला. त्याने माझ्याकडे एकदा वळून पाहिलं. तो तेव्हाही तिथेच बसला होता, दादा, माझ्या पुढच्याच ओळीत. त्याला सगळं माहीत आहे. त्याने टोपी काढली, आणि त्याचा तो बैलासारखा आवाज काढला, "इथेच थांब!"

नंतर सगळं मैदान म्हणत होतं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. आमच्या फळ्या म्हणत होत्या. दोनेकशे माणसं. पलीकडचे शिट्ट्याच मारत होते. पण त्या मुलाने आमच्या बाजूला मान वळवली आणि टोपीच्या कडेला हात लावला.

त्याने चेंडू खूप लांब मारला. कुंपणापाशी त्यांच्या खेळाडूने तो झेलला. आपण हरलो.

हरलो, आणि मी घरी चालत आले ती ताठ मानेने. असं मला त्या मैदानातून निघताना तेवीस वर्षांत वाटलं नव्हतं.

काल मंगळवारी मात्र जिंकलो. आता आमचे आणि राजधानीवाल्यांचे अगदी सारखे, तेवीस जिंकले, चोवीस हरले. शुक्रवारी इथेच, समोरासमोर. जिंकेल तो चौथा.

मिना


पुएर्तो आल्मेंद्रो, ३० डिसेंबर

दादा,

काल ओल्गाबाईने तुझं पत्र माझ्या हातात ठेवलं आणि शेजारी उभी राहिली. मी म्हटलं, "बाई, तुम्ही आत जाऊन कॉफी घ्या." मग दार लावून वाचलं. नऊ ओळी आहेत. पाठ झाल्या.

"मला माहीत नव्हतं, मिना," असं तू लिहिलंस. "मला एकही आवाज वेगळा ऐकू आला नव्हता. सगळा मिळून एकच आवाज होता, समुद्रासारखा. मला वाटलं तुला माझी लाज वाटते, म्हणून तू त्या आठवड्यात आली नाहीस. तू लिहिलं नसतंस तर मला कधी कळलं नसतं. दोन आठवडे मी तुझ्यावर संतापलोय. अजून आहे. पण इतकी वर्षं सगळ्या गावावर संतापून बघितलं, त्यापेक्षा हे बरं आहे. एका माणसावर रागावता येतं."

मी तुला न सांगता मेले असते तर तुला हा राग आला नसता, आणि मला तुझी लाज वाटते हेच मनात धरून तू मेला असतास. यातलं कुठलं बरं हे मला ठरवता येत नाही. तू कधीच ऐकलं नव्हतंस! मी तेवीस वर्षं तुझ्या गप्प बसण्याला उत्तर समजत राहिले, आणि तूही माझ्या.

रागाव. जितका येतो तितका. मी कुठे जात नाही.

आता तुझ्या शेवटच्या ओळी. "आठ जानेवारीपासून चार दिवस रजा मिळते आहे. नऊला सहावा सामना आहे ना? तोवर आपण टिकू का? खरं सांग. फुशारकी नको."

खरं सांगते.

शुक्रवारचं तुला ओल्गाबाईने सांगितलंच असेल, पण ती बेसबॉलमध्ये ढ आहे, म्हणून नीट ऐक. तीन-दोनने जिंकलो. मेल्कियादेसने सहा इनिंग टाकल्या, हात खांद्याच्या वर न नेता, कमरेपासून, चोरट्यासारख्या. मी त्याच्या शर्टाच्या काखेत कळी घालून दिली होती, हात खालून मोकळा फिरावा म्हणून. ते रेडिओवर कुणी म्हणालं नाही. मीही म्हणत नाही, फक्त तुला सांगते. एलिसेओने काही विशेष केलं नाही, पण जे आलं ते सगळं धरलं. शेवटचा बाद झाला तेव्हा सिक्स्तोशेठ रडत होता आणि म्हणत होता, "मी आधीपासून सांगत होतो, मी आधीपासून सांगत होतो!" मी त्याला रडू दिलं.

आता पुढचं. चौथ्या नंबरवाल्याला पहिल्या नंबरवाल्याशी खेळायचं असतं, म्हणजे मोंते आल्तोशी. सातपैकी चार जिंकायचे. त्यांच्याकडे पाच चांगले पिचर, आपल्याकडे अडीच. अर्धा म्हणजे मेल्कियादेस. यंदा त्यांच्याशी आठ सामने झाले, तीन जिंकलो. त्यांचे फलंदाज आपल्यापेक्षा उंच, आपले पळायला चपळ. पहिले दोन त्यांच्या मैदानावर आहेत. दोन्ही हरू असं मला वाटतं. तिसरा इथे, तो जिंकू, कारण मेल्कियादेसला मधे विश्रांती मिळेल. चौथाही इथेच, आणि तिथे खरी परीक्षा. एलिसेओच्या पायात जोर आहे, आणि त्यांच्या कॅचरचा हात सध्या हळू आहे. मी डोळ्यांनी बघितलंय. पळून पळून त्याला वेडं केलं तर चौथाही आपला. मग पाचवा त्यांच्याकडे कुणीही जिंको, सहावा इथे होणारच.

मालिका जिंकू का? पाचात एक. फुशारकी नको म्हणालास म्हणून. सिक्स्तोशेठ विचारेल तर त्याला मी अर्धे-अर्धे सांगेन.

पण सहाव्या सामन्यापर्यंत टिकायला फक्त दोन जिंकायचे आहेत. तेवढं या पोरांच्यात आहे. त्यांच्या विजारी मी शिवल्यात, गुडघे कुठे फाटतात ते मला माहीत आहे. घाबरणाऱ्याची विजार मागे फाटते, दादा. यांच्या सगळ्या पुढून फाटतात.

तिकीट काढ. ओल्गाबाई या खेपेला शनिवारऐवजी परवाच परत निघते, हे पत्र तिच्याबरोबर देते.

तिसऱ्या फळीवर माझ्या डावीकडे जागा धरून ठेवीन. लोक तुला ओळखतील. काही जण काहीतरी बोलतील, आणि मी त्यांना उत्तर देईन. माझा आवाज अजून चांगला आहे हे तू आता वाचलंच आहेस. आणि तुला माझ्यावर ओरडायचं असेल तर खुशाल ओरड, सगळ्यांदेखत ओरड, तो तुझा हक्क आहे. फक्त सामना संपल्यावर. खेळ चालू असताना मला कुणी मधे बोललेलं चालत नाही.

तुझी बहीण,
मिना